फट रुंदावली, तरी वाट सोपी होत नाही

मराठी घरांमध्ये हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं: "सोडियम कमी झालंय." कालपर्यंत चष्मा लावून पेपर वाचणारे आजोबा आज नातवाला भलत्याच नावाने हाक मारतात, उठताना तोल जातो, बोलण्यात संगती राहत नाही. रक्त तपासलं की सोडियम १३५ ते १४५ च्या जागी ११६ निघतं. कारण कधी ब्लडप्रेशरसाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी असते, कधी हॉर्मोनची गडबड, कधी फुप्फुसाचा आजार. "मग जेवणात मीठ वाढवा की," असं कोणीतरी म्हणतंच. डॉक्टर मात्र पेशंटला दाखल करून घेतात आणि तो आकडा फार जपून वर आणतात.

रक्तातलं मीठ कमी झालं तर बिघाड मेंदूत का दिसतो, याचं नेहमीचं उत्तर असं: पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदू सुजतो, कवटी ताणली जात नाही, दाब वाढतो. उत्तर बरोबर आहे, पण त्यात एक मोठा भाग गाळला जातो. मेंदूतल्या पेशी फुगल्या तर त्यांच्यामधल्या जागेचं काय होतं? पेशींइतकंच कामाचं काहीतरी त्या जागेत चालू असतं. आजचा विषय ती जागा.

आधी परासरण उरकून घेऊ. पाणी आरपार जाऊ शकेल पण मीठ सहज जाणार नाही अशा पडद्याच्या दोन बाजूंना विरघळलेले कण कमीजास्त असतील, तर पाणी जास्त कणांच्या बाजूला सरकतं. शाळेत बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकून केलेला प्रयोग तो हाच. विरघळलेल्या कणांचं माप मिलिऑस्मोलमध्ये मोजतात. निरोगी माणसाच्या रक्तात ते किलोला २७५ ते २९५ च्या दरम्यान असतं आणि त्यातला सिंहाचा वाटा सोडियम आणि त्याच्या जोडीला असलेल्या क्लोराइडसारख्या आयनांचा. सोडियम २० ने उतरलं की एकूण माप ४० च्या आसपास उतरतं. शरीराच्या तापमानाला फक्त १ मिलिऑस्मोलच्या फरकातून सुमारे १९ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब तयार होऊ शकतो. म्हणजे १० चा फरक पडला तर १९० च्या वर, आपल्या धमन्यांमधल्या वरच्या ब्लडप्रेशरपेक्षाही जास्त. असा दाब प्रत्यक्षात पेशीवर टिकून राहत नाही, कारण पाणी आधीच सरकतं आणि फरक मिटवतं. पण पाण्याला ढकलणारा जोर केवढा मोठा आहे हे त्यावरून कळतं.

पेशी-पेशींमधली जागा

मेंदू म्हणजे चेतापेशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लायल पेशी यांचा गच्च भरलेला गोळा, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. खरं तर जिवंत मेंदूचा साधारण पाचवा हिस्सा पेशींच्या बाहेर आहे. १३०० ग्रॅमच्या मेंदूत हा हिस्सा सुमारे पाव लिटर भरतो. हे पाव लिटर कुठे एका ठिकाणी साठलेलं नसून पेशी-पेशींमधल्या फटींमध्ये पसरलेलं असतं. २००६ साली रॉबर्ट थॉर्न आणि चार्ल्स निकल्सन यांनी वेगवेगळ्या आकाराचे चमकणारे कण उंदराच्या मेंदूत सोडून, कोणता कण कितपत अडतो यावरून या फटींची रुंदी काढली. उत्तर आलं ३८ ते ६४ नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग, साधारण तेवढी.

मेंदूचं पुष्कळसं दळणवळण या फटींमधून होतं. एका चेतापेशीने सोडलेलं रसायन शेजारच्या पेशीपर्यंत जातं ते इथूनच. संदेश धावून गेल्यावर पेशीबाहेर साचलेलं पोटॅशियम पांगतं ते इथेच. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेलं औषध, पेशींनी टाकलेला कचरा, सगळे याच वाटेने जातात. इथे ढकलणारा पंप नाही. कमी अंतरावर सगळी भिस्त विसरणावर असते, म्हणजे रेणूंच्या आपोआप, दिशाहीन पसरण्यावर.

विसरणाचा एक गुणधर्म ध्यानात ठेवला पाहिजे: अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. मोकळ्या पाण्यात एका लहान आयनाला ०.१ मिलिमीटर जायला सरासरी सव्वा सेकंद पुरतो. मेंदूच्या फटींमधून त्याच अंतराला सव्वातीन सेकंद. १ मिलिमीटरला साडेपाच मिनिटं. आणि १ सेंटिमीटरला तब्बल नऊ तास! मेंदूत केशवाहिन्यांचं जाळं इतकं दाट का आहे याचं एक कारण या हिशेबात आहे.

पाण्यात सव्वा आणि मेंदूत सव्वातीन, हा फरक वाटेच्या वाकडेपणामुळे पडतो. पुण्याच्या जुन्या पेठांमधून बोळांनी चालत जाणाऱ्याला समोरचा वाडा ओलांडता येत नाही, त्याला वळसा घालावा लागतो. मधेच एखादा बोळ थेट कोणाच्या तरी परसात जाऊन संपतो आणि मागे फिरावं लागतं. रेणूंचंही तसंच. शास्त्रज्ञ या अडचणीला टॉर्च्युऑसिटी नावाचा एक आकडा देतात. मोकळ्या पाण्यात तो १. निरोगी मेंदूत सुमारे १.६. विसरण मंदावतं ते या आकड्याच्या वर्गाने, म्हणून १.६ चा अर्थ सुमारे अडीच पट मंद.

इथून पुढे दोन आकडे सोबत ठेवायचे आहेत. एक, फटींचा वाटा, म्हणजे मेंदूच्या एकूण आकारमानात किती भाग पेशींबाहेर आहे. दुसरा, वाटेचा वाकडेपणा. पहिला सांगतो जागा किती, दुसरा सांगतो वाट किती अडचणीची. साध्या अकलेला वाटतं की हे दोन्ही एकाच दोरीला बांधलेले असणार: जागा वाढली की वाट सोपी, जागा घटली की वाट अवघड. तसं आहे का, हे पाहायला पाण्याचा खेळ करावा लागला.

फटी आहेत की नाहीत, इथपासून वाद

त्याआधी एक जुनी भानगड. १९५० आणि ६० च्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मेंदूचे पहिले स्वच्छ फोटो आले तेव्हा त्यांत पेशींमधल्या फटी जेमतेम दिसत होत्या. पेशी एकमेकींना खेटून. त्यामुळे मेंदूत पेशीबाहेरची जागा जवळपास नाहीच, असं मानणारे बरेच होते.

१९६५ साली ॲन्टनी व्हॅन हारवेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा मार्ग धरला. उणे दोनशे अंशांच्याही खाली थंड केलेला, आरशासारखा घासलेला चांदीचा पृष्ठभाग त्यांनी उंदराच्या लहान मेंदूला टेकवला, म्हणजे ऊती क्षणार्धात गोठली आणि पाण्याला जागा बदलायला अवधीच मिळाला नाही. रक्तपुरवठा थांबल्यावर अर्ध्या मिनिटात गोठवलेल्या मेंदूत पेशींबाहेरची जागा जवळपास चौथा हिस्सा निघाली. रक्तपुरवठा थांबवून आठ मिनिटं थांबले आणि मग गोठवलं, तर फटी बहुतांश गायब! म्हणजे नेहमीच्या पद्धतीने ऊती टिकवेपर्यंत पाणी आणि मीठ पेशींमध्ये शिरून बसलेलं असायचं आणि फोटोत दिसायच्या त्या फुगलेल्या पेशी. अनेक वर्षं लोक मरणानंतरचा मेंदू पाहून जिवंत मेंदूबद्दल बोलत होते.

जिवंत मेंदूत मोजमाप करण्याची खात्रीची रीत १९८१ मध्ये आली. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स निकल्सन आणि जॉन फिलिप्स यांनी काचेच्या दोन अतिसूक्ष्म सुया वापरल्या. त्यांची टोकं एकमेकांपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या अंतरावर. एका सुईत टेट्रामिथाइलअमोनियम नावाचा आयन. हा पाहुणा पेशींमध्ये सहजी शिरत नाही, बाहेरच रेंगाळतो, म्हणून निवडलेला. बारीकसा विद्युतप्रवाह सोडला की तो सुईतून ठरावीक दराने बाहेर पडतो. दुसरी सुई फक्त त्याच आयनाला ओळखणारी. ती दर क्षणाला तिथली पातळी टिपत राहते. प्रवाह चालू असेपर्यंत आलेख चढतो, बंद केला की उतरतो. आधी हाच खेळ पातळ अगार जेलमध्ये करायचा, तिथे वाट मोकळी असते. मग मेंदूत. दोन्ही आलेखांच्या उंचीतल्या आणि चढ-उताराच्या वेगातल्या फरकातून वरचे दोन्ही आकडे एकाच वेळी निघतात. उंदराच्या लहान मेंदूत त्यांना फटींचा वाटा ०.२१ आणि वाकडेपणा १.५५ मिळाला. त्यानंतर वेगवेगळ्या प्राण्यांत, मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत मोजमापं झाली. निरोगी प्रौढ मेंदूतले आकडे याच परिसरात येत राहिले.

या पद्धतीची खरी गंमत ही की ती फोटो काढत नाही. फट एकही दिसत नाही, पण फटींच्या जाळ्याचा स्वभाव कळतो.

मीठ कमी, मीठ जास्त

२००२ मध्ये निकल्सन यांच्याच गटाने उंदराच्या मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, पातळ काप घेऊन प्रयोग केला. काप ज्या द्रावणात जिवंत ठेवला होता, त्यातलं साधं मीठ कमीजास्त करायचं, आणि प्रत्येक वेळी दोन सुयांनी मोजायचं. नेहमीच्या द्रावणात, म्हणजे ३०५ मिलिऑस्मोलला, फटींचा वाटा ०.२४ आणि वाकडेपणा १.६९ होता. जिवंत प्राण्यापेक्षा कापातले आकडे जरा वर असतात, ते चालायचंच.

मीठ काढत काढत माप १५० पर्यंत खाली नेलं. पाणी पेशींमध्ये घुसलं, पेशी फुगल्या, फटींचा वाटा अर्धा झाला, ०.१२. वाकडेपणा वाढून १.८६ वर गेला. इथपर्यंत साध्या अकलेचा विजय.

आता उलट. मीठ वाढवत नेलं. पेशींमधलं पाणी बाहेर आलं, पेशी आकसल्या, फटी रुंदावल्या. ५०० मिलिऑस्मोलला वाटा ०.४२ झाला. जवळपास निम्मी ऊती आता पेशींबाहेर! वाकडेपणा मात्र ३५० ला जेमतेम १.६७ वर उतरला आणि तिथेच अडकला. पुढे ५०० पर्यंत मीठ वाढवलं तरी तो हलायला तयार नाही. आकारमानाने जास्त मोठा, सुमारे ३००० रेणुभाराचा डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेच्या लांब साखळीचा रेणू, वापरून आधी केलेल्या प्रयोगांतही हाच कल दिसला होता: फटी वाढतात, वाकडेपणा एका पातळीला चिकटून बसतो.

फटी आवळल्या की वाट बिघडते, पण फटी सैल झाल्या म्हणून वाट सुधारत नाही. एकाच दोरीला बांधलेले वाटणारे दोन आकडे एका बाजूला सोबत चालतात आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना सोडून देतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे.

असं का? केविन चेन आणि निकल्सन यांनी २००० सालीच त्याचं एक गणिती स्पष्टीकरण मांडलं होतं. पेशी आकसताना सगळीकडून सारखी आकसत नाही. तिचा आकारच बदलतो. काही ठिकाणी पेशी मागे सरकते आणि तिथे पोकळी तयार होते, पण शेजारणीला लागून असलेल्या इतर ठिकाणी फट जवळपास तेवढीच राहते. पेठेत परतायचं तर, वाडे मागे सरकले पण मोकळी झाली ती परसं. एका परसातून दुसऱ्यात जायचा बोळ होता तेवढाच अरुंद राहिला. मोकळी जागा भरपूर वाढली, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ बोळांवरच ठरतो.

परसांचा मुद्दा आणखी एका हिशेबातून पुढे येतो. पेशी म्हणजे साधे, बाहेर फुगीर ठोकळे आहेत आणि त्यांच्यामधल्या फटी सगळीकडे सारख्या रुंद आहेत असं मानून संगणकावर रेणू सोडले, तर वाकडेपणा फार तर १.१८ च्या आसपास येतो. म्हणजे नुसत्या वळशांनी १.६ होत नाही. उरलेला भार कशाचा? फटींमध्ये हायलुरॉनसारख्या लांबलचक साखळ्यांचं चिकट जाळं आहे, ते थोडं मंदावतं. आणि पुढे वाट नसलेले कोपरे आहेत, जिथे रेणू शिरतो, घोटाळतो आणि परत येतो. सबिना ह्राबेटोवा आणि निकल्सन यांनी २००३ मध्ये याची एक छान परीक्षा घेतली. प्राणवायू न मिळाल्याने फुगलेल्या मेंदूच्या जाड कापांमध्ये वाकडेपणा खूप वाढलेला होता. त्यांनी द्रावणात अवजड डेक्स्ट्रानचे रेणू मिसळले. अडथळा आणखी वाढायला हवा होता, पण वाकडेपणा चक्क उतरला. त्यांनी लावलेला अर्थ असा की अवजड रेणू बंद कोपऱ्यांमध्ये जाऊन बसले आणि लहान रेणूंचा तिथे वाया जाणारा वेळ वाचला.

वेगापेक्षा पातळी महत्त्वाची

१.६९ चा १.८६ झाला म्हणजे विसरण साधारण वीस टक्क्यांनी मंदावलं. ऐकायला फार नाही वाटत. खरा फटका जागेचा बसतो. एका बिंदूपासून ठरावीक दराने रेणू सुटत राहिले, तर जवळच्या ठिकाणी त्यांची पातळी किती चढेल हे ठरतं वाकडेपणाचा वर्ग भागिले फटींचा वाटा या गुणोत्तरावर. वरचे आकडे घालून पाहा. नेहमीच्या द्रावणात गुणोत्तर ११.९. मीठ १५० पर्यंत उतरवल्यावर २८.८, म्हणजे जवळपास अडीच पट. मीठ ५०० ला नेल्यावर ६.६, म्हणजे निम्म्याच्या जरा वर. तेवढंच पोटॅशियम किंवा तेवढंच ग्लुटामेट (चेतापेशींचं एक संदेशवाहक रसायन) बाहेर पडलं, तरी फुगलेल्या मेंदूत शेजारच्या पेशीला ते अडीचपट दाट भासणार.

चेतापेशीसाठी हे काही किरकोळ नाही. पेशीबाहेर पोटॅशियम नेहमी लिटरला ३ मिलिमोलच्या आसपास असतं. ते चढलं की पेशी सहज पेटते, पेटली की आणखी पोटॅशियम सोडते. शिवाय फटी अरुंद झाल्या की तिथल्या द्रवाचा विद्युतरोध वाढतो आणि एका पेशीचं विद्युतक्षेत्र शेजारच्या पेशीवर जास्त जाणवतं. रसायनाच्या मध्यस्थीशिवायही पेशी एका तालात धडधडू लागतात. मेंदूच्या कापांना पातळ द्रावणात ठेवलं की फिटसारखी वादळं उठतात आणि मॅनिटॉल या पेशींमध्ये सहज न शिरणाऱ्या, साखरेसारख्या पदार्थाने द्रावण दाट केलं की शमतात, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. १९९५ मध्ये तर असंही दाखवलं गेलं की फ्युरोसेमाइड, म्हणजे आपलं नेहमीचं लघवीचं औषध, पेशींचं फुगणं रोखून ही वादळं थांबवतं आणि तेही पेशींमधला रासायनिक संवाद न दाबता. याचा अर्थ फिटवर घरच्या घरी लघवीची गोळी घ्यावी असा अजिबात नाही. सोडियम कमी झालेल्या पेशंटला फिट येते ती याच दिशेने, एवढं त्यातून समजून घ्यावं.

पेशी गप्प बसत नाहीत, हेही सांगायला हवं. फुगलेली पेशी काही तासांत आपलं पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर टाकते, मग एकदोन दिवसांत टॉरीन, मायोइनोसिटॉलसारखे सेंद्रिय कण सोडते आणि आतलं माप बाहेरच्या मापाशी जुळवून घेते. म्हणून हळूहळू सोडियम उतरलेला माणूस ११६ ला चालता-बोलता असू शकतो, आणि मॅरेथॉनमध्ये तासन्तास पाणी पीत धावणारा धडधाकट तरुण १२० लाच कोसळू शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याहून खाली होतं. तिघांचं १२० किंवा त्याहूनही खाली. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना धोका सगळ्यात जास्त. मुंबईच्या जानेवारीतल्या दमट सकाळी धावणाऱ्यांनी हे वाचून ठेवायला हरकत नाही: तहान नसताना प्रत्येक स्टॉलवर पेला रिकामा करणं ही शिस्त नव्हे.

जुळवून घेतलेल्या मेंदूत रक्तातलं मीठ एकदम वाढवलं तर पाणी उलट दिशेला ओढलं जातं आणि सोडून दिलेले सेंद्रिय कण पेशींना इतक्या लवकर परत मिळवता येत नाहीत. चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होण्याचा धोका तिथे असतो. १९५९ मध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णिला गेला. मीठ घाईने वाढवण्याशी त्याचा संबंध पुढच्या काळात स्पष्ट झाला. म्हणून २४ तासांत सोडियम साधारण ८ ते १० च्या वर चढू देत नाहीत आणि दर काही तासांनी रक्त काढतात.

कापात एक, माणसात दुसरं

आता एक सावधगिरी. कापाचे प्रयोग वाचून थेट माणसावर उडी मारायची नाही. १५० मिलिऑस्मोलचं रक्त घेऊन कोणी जगत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कापात मीठ बदललं की ते सरळ फटींमधल्या द्रवातच बदलतं. जिवंत माणसात रक्त आणि फटी यांच्यामध्ये मेंदूच्या केशवाहिन्यांची घट्ट भिंत असते, जिच्यातून पाणी जातं पण मीठ सहज जात नाही. १९१९ मध्ये लुईस वीड आणि पॉल मॅककिबेन यांनी मांजरांच्या रक्तात दाट मिठाचं पाणी सोडून मेंदू आकसतो हे दाखवलं, आणि मेंदूच्या सुजेवरच्या आजच्या उपचाराची सुरुवात तिथून झाली. आज अपघाताच्या पेशंटला लावतात ती २० टक्के मॅनिटॉलची बाटली रक्तापेक्षा जवळपास चौपट दाट असते. पण ती पाणी ओढते ते भिंतीपलीकडून, आधी फटींमधून आणि फटींमार्फत पेशींमधून. त्यामुळे कापात मीठ वाढवल्यावर फटी ०.४२ पर्यंत रुंदावल्या म्हणून मॅनिटॉलने पेशंटच्या मेंदूतही तशाच रुंदावतील, असं धरून चालता येत नाही. मॅनिटॉलचं मुख्य काम एकूण पाणी कमी करून कवटीतला दाब उतरवणं हे आहे. आणि औषध सहज पसरावं म्हणून फटी रुंद करायच्या म्हटल्या, तर वाकडेपणा हटून बसतो हे आपण पाहिलंच. फायदा झालाच तर मोठ्या कणांना शिरायला जागा मिळण्याचा, लहान रेणूंचा वेग वाढण्याचा नव्हे.

पाणी पेशींमध्ये शिरायला बाहेरचं मीठच बदलायला हवं असंही नाही. पक्षाघातात रक्त थांबलं की ऊर्जा संपते, पेशींचे आयन-पंप बंद पडतात, सोडियम आणि क्लोराइड आत वाहत येतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. प्रयोगांत अशा वेळी फटींचा वाटा ०.०५ पर्यंत घसरतो आणि वाकडेपणा २ च्या वर जातो. वरचं गुणोत्तर काढलं तर ८० च्या पुढे! १९९० मध्ये मायकेल मोझ्ली यांच्या गटाने मांजरांवर दाखवलं की पाण्याच्या विसरणाला संवेदनशील असलेल्या एमआरआयवर हा भाग फार लवकर उठून दिसतो, इतर प्रकारच्या एमआरआयवर काही दिसण्याच्या आधीच. आज स्ट्रोकच्या पेशंटचा "डिफ्युजन" एमआरआय करतात तो याच बळावर. त्या फोटोत पाण्याची हालचाल मंदावण्याचं कारण फक्त फटी आवळणं नाही, पेशींच्या आतले बदलही त्यात मिसळलेले असतात, आणि कोणाचा वाटा किती यावर अजून एकमत नाही.

पाण्याला पेशींमध्ये शिरायला दारंही असतात. पीटर आग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते ॲक्वापोरिन या पाण्याच्या वाहिन्यांसाठी. मेंदूत ॲक्वापोरिन-४ ही वाहिनी ॲस्ट्रोसाइट या ग्लायल पेशींच्या रक्तवाहिनीला चिकटलेल्या पायांवर दाटीने असते. २००० साली असं आढळलं की ती वाहिनी नसलेल्या उंदरांना एकदम खूप पाणी देऊन सोडियम पाडलं, किंवा पक्षाघात घडवला, तर मेंदूची सूज नेहमीच्या उंदरांपेक्षा कमी येते. हे दार बंद करणारं औषध मिळावं म्हणून शोध चालू आहे.

निरोगी मेंदूतही फटींची रुंदी दिवसभर एकच राहत नाही, हे २०१३ मध्ये चर्चेत आलं. मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने याच दोन सुयांच्या रीतीने जाग्या उंदरांत १४ टक्के आणि झोपलेल्या उंदरांत २३ टक्क्यांच्या वर फटींचा वाटा मोजला आणि झोपेत मेंदूचा कचरा धुऊन निघतो असं सांगितलं. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाने उलट निष्कर्ष काढला: झोपेत निचरा कमीच होतो. वाद चालू आहे. पण आपण वर पाहिलेला धडा इथे लावला तर एवढं म्हणता येईल की फटी रुंदावल्या म्हणजे निचरा आपोआप वाढलाच, ही उडी कोणत्याच बाजूने घेऊ नये. जागा आणि वाट यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

आतापर्यंतचे हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. सुया मिलिमीटरच्या दहाव्या भागातल्या हजारो फटींची बेरीज करून एक आकडा देतात. कोणता बोळ अरुंद राहिला आणि कोणतं परस मोकळं झालं, हे त्यात दिसत नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोतल्या व्हॅलेंटिन नेगर्ल यांच्या गटाने ते दाखवण्याची सोय केली. त्यांनी फटींमधल्या द्रवात चमकणारा रंग मिसळला आणि अतिसूक्ष्म भेद दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत काप पाहिला. पेशी काळ्या सावल्यांसारख्या आणि त्यांच्यामधलं जाळं उजळलेलं. या पद्धतीचं नाव त्यांनी ठेवलं सुशी! पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून, अर्थात. त्या चित्रांमध्ये फटींची रुंदी शेजारच्या शेजारी कमालीची बदलताना दिसते, आणि द्रावण दाट केल्यावर तोच कोपरा आधी आणि नंतर पाहता येतो. सरासरीच्या आकड्यांवरून बांधलेली बोळ आणि परसांची कल्पना एकेका फटीपाशी जाऊन पडताळून पाहण्याचं काम त्यामुळे आता शक्य झालं आहे.